मोरितासाहेबांचं एका दमातलं वाक्य

मागच्या वर्षी अंबडच्या एका कारखान्यात जपानहून यंत्र आलं आणि यंत्राबरोबर एक तरुण इंजिनियर आला. त्याचं इंग्रजी मॅनेजरला कळेना आणि मॅनेजरचं त्याला. कुणीतरी सांगितलं, पंचवटीत एक म्हातारा राहतो, त्याला जपानी येतं. मला न्यायला मोटार आली. बायकोने कोट झटकून दिला आणि म्हणाली, "विचारतील तेवढंच बोला." दुभाष्याला खरं तर हा सल्ला लागत नाही, पण तिचा संसारातला अनुभव वेगळा आहे.

इंजिनियर बोलायला लागला. यंत्राचे शब्द सगळे नवे निघाले, त्यामुळे निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. पण एक गोष्ट पहिल्याच वाक्यात कळली आणि ती मी मॅनेजरला ताबडतोब सांगितली, "पोराची छाती उत्तम आहे." मॅनेजरांना यंत्राची माहिती हवी होती. त्यांनी मला चहा दिला, मोटारीने परत पाठवलं आणि पुन्हा काही बोलावलं नाही.

माणसाच्या वाक्यावरून त्याची छाती ओळखण्याची ही खोड मला मनमाडच्या कापूस बाजारात लागली. सन तीसनंतरची ती वर्षं. तेव्हा मी एका जपानी कंपनीचा दुभाषी होतो.

जपानी कसं शिकलो, हे त्या वेळी नाशकात सगळ्यांना माहीत होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं. कुणी म्हणे, मी घरातून पळून जहाजावर गेलो. कुणी म्हणे, पांडवलेण्यावर आलेल्या एका बौद्ध भिक्षूने मला मंत्र दिला. खरी गोष्ट एवढीच की कोबे बंदरात एका गुजराती व्यापाऱ्याच्या पेढीवर मी कारकून होतो, आणि तिथे जपानी आल्याशिवाय भाजीसुद्धा मिळत नसे. वडील आजारी पडले म्हणून परत आलो. पुढे एका जपानी कंपनीने मनमाडला कापूस घ्यायला माणूस नेमला आणि त्याला बोलता करायला मला नेमलं. लोक विचारत, "ते बेडूक खातात का हो?" मी सांगे, त्यांच्या तोंडातून बाहेर येतं तेवढ्याचा पगार मला मिळतो, आत जातं त्याची मला माहिती नाही.

आता हा धंदा काय असतो ते सांगतो. लोकांना वाटतं, दुभाषी म्हणजे शब्दकोश. शब्द कुणीही पाठ करतो. खरं काम थांबण्याचं असतं. समोरचा कुठे थांबला, का थांबला आणि आता मी बोलू की नको, हे ज्याला कळतं तो दुभाषी.

जपानी माणूस शब्द सुटे बोलत नाही, जुड्या बांधून बोलतो. मेथीच्या जुड्या असतात तशा. प्रत्येक जुडीच्या सुरुवातीला आवाज थोडा वर चढतो, मग उतरत जातो. पुन्हा चढला की समजावं, नवी जुडी. शब्द आखूड असले तर दोन-तीन एका जुडीत मावतात, लांब असला तर एकटाच जुडी अडवून बसतो. आपणही तेच करतो. "मी काल घरी होतो" हे आपण एका घासात बोलतो, पण "मनमाडच्या बाजारसमितीच्या अध्यक्षांनी" म्हणताना वाटेत कुठेतरी टेकावंच लागतं. मात्र कुठेही टेकून चालत नाही. "मनमाडच्या बाजार" म्हणून थांबलात तर ऐकणारा तुमच्याकडे संशयाने बघतो.

जपानीत आणखी एक भानगड असते. आपण "ओल्या पोत्यातला कापूस" म्हटलं की ओलं पोतं, आणि "पोत्यातला ओला कापूस" म्हटलं की ओला कापूस. आपलं विशेषण ज्याचं त्याच्या गळ्यात पडतं. जपानीत "नुरेता फुकुरो नो वाता" या एवढ्याच शब्दांत दोन्ही अर्थ बसतात. नुरेता म्हणजे ओलं, फुकुरो म्हणजे पोतं, नो म्हणजे आपलं चा-ची-चे, वाता म्हणजे कापूस. ओलं नक्की काय, ते शब्द सांगत नाहीत, आवाज सांगतो. "नुरेता फुकुरो" एका ओळीत सरळ गेलं तर पोतं ओलं. "नुरेता" म्हणून "फुकुरो"वर आवाज नव्याने चढला, तर पोतं कोरडं आणि कापूस ओला. आणि कापूस ओला म्हणजे वजन वाढवायला पाणी मारलेला. तसा कापूस आणणाऱ्याची गाडी तर परत जातेच, त्याचं नावही बाजारातून जातं.

आमच्या मोरितासाहेबांचा आवाज या बाबतीत अगदी नितळ होता. कंपनीचे हेच ते मनमाडचे खरेदीदार. पन्नाशीचे, काटकुळे, कडक. राहायला नाशिकला आणि हंगामात आठवड्यातले बहुतेक दिवस मनमाडला. ते चिमूटभर कापूस घेत, दोन्ही हातांच्या बोटांनी ओढून तंतूची लांबी बघत, मग तो नाकाशी नेऊन वास घेत. दिवसभर हेच. बोलणं मोजकं, पण एकदा बोलले की लांबलचक वाक्य एका दमात, सगळ्या जुड्या जागच्या जागी. मी डोळे मिटून मराठी करत असे. ऐकणाऱ्याला वाटे, मला झोप लागली आहे.

सगळेच लोक असे नसत. एकदा कंपनीच्या एका पाहुण्याचा नाशकात सत्कार झाला. आमच्या एका नामांकित वक्त्यांनी भगवान बुद्धांपासून सुरुवात केली आणि मध्ये कुठेही न थांबता गोदामाईपर्यंत आले. मला शिरायला फटच मिळेना. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा मी पाहुण्यांना सांगितलं, "आपण आलात, आनंद झाला." पाहुण्यांनी विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "बाकीचं आमच्या लोकांसाठी होतं." पाहुणे म्हणाले, "आमच्याकडेही असतं."

मोरितासाहेबांच्या शेवटच्या हंगामातली ही गोष्ट. चांदवडकडचा एक शेतकरी गाडी घेऊन आला. पोती बाहेरून चिंब. आमचे अडते होते इस्माईलभाई, मालेगावचे, सफेद दाढी, खांद्यावर कायम चौकड्यांचा मोठा रुमाल. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला दाखवून सौदा जुळवणारा तो अडत्या. शेतकरी इस्माईलभाईंच्या भरवशावर आला होता. तो कळवळून सांगत होता, "वढ्यातून गाडी काढली साहेब, पोतं भिजलंय. कापूस नाय वो भिजला. आत हात घालून बघा, कोरडा हाय."

साहेबांनी हात घातला, कापूस ओढून पाहिला, हुंगला आणि म्हणाले, "नुरेता," आणि मग आवाज चढवून, "फुकुरो नो वाता..."

पोतं कोरडं आणि कापूस ओला! पाणी मारलेला माल. शब्द माझ्या जिभेवर आले होते. इस्माईलभाईंचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी आणलेला माल असा निघाला असता तर त्यांनाही बाजारात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तेवढ्यात माझी नजर साहेबांच्या खांद्यांवर गेली. दोन्ही खांदे वर आले होते. आवाज अर्थासाठी चढला नव्हता, दोन शब्दांच्या मध्ये त्यांनी श्वास घेतला होता. ज्या माणसाने माझ्यासमोर कधी दोन शब्दांची जुडी मोडली नव्हती, त्याला दोन शब्द एका दमात नेता आले नव्हते.

मी गप्प राहिलो. साहेबांनी आणखी एक श्वास घेऊन वाक्य पुरं केलं, "...चांगला आहे." पोतं ओलं, माल चांगला. शेतकरी इस्माईलभाईंच्या पाया पडला.

त्यानंतर मी कान लावून ऐकू लागलो. त्या दिवशीचा प्रकार रोज होत नसे; आधी ते फक्त वाक्याच्या मोठ्या टप्प्यावर श्वास घेत, मग प्रत्येक जुडीला घेऊ लागले. नंतर नंतर जुडीच्या आतच दम सुटू लागला आणि अर्थ सांडू लागला. नाशिकच्या एका डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला म्हणाले, "इतकी वर्षं कापूस हुंगलाय. त्याची धूळ आत बसलीय. त्यांना सांगा, बाजार सोडा, घरी जा."

मी सांगितलं. दुभाष्याला निवड नसते. डॉक्टरांची मान जेवढी हलली, तेवढंच वजन मी जपानीत घातलं. साहेब शर्टाची बटणं लावत ऐकत होते. बाहेर टांग्यात बसल्यावर त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सगळं सांगितलं. हंगाम पुरा करून परत गेलं तर कोबेच्या ऑफिसात बसून नमुने तपासायची जागा मिळणार होती. आजारी म्हणून मध्येच परत गेलं तर कंपनी पुन्हा दारात उभं करत नसे. बायको वारलेली. एकुलती मुलगी शिक्षिका व्हायला शिकत होती आणि तिचं शिक्षण पुरं व्हायचं होतं. "हंगाम संपेपर्यंत," ते म्हणाले आणि थांबले. पुढचं मी विचारलं नाही. मला सगळं कळलं होतं आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी पद्धत बदलली. पूर्वी त्यांचं वाक्य निदान अर्धं होऊ देत असे. आता त्यांनी एक जुडी टाकली की मी लगेच तेवढ्याचं मराठी करी. मी बोलत असताना ते श्वास घेत. मी थांबलो की पुढची जुडी. सुदैवाने जपानीची आणि मराठीची चाल एकच आहे, क्रियापद दोघांचंही शेवटी येतं, म्हणून तुकड्याला तुकडा लावता येतो. इंग्रजीच्या दुभाष्याला हे जमलं नसतं, असं मी आजही अभिमानाने सांगतो. बघणाऱ्याला वाटे, साहेब दुभाष्यासाठी थांबताहेत. बाजारात मला सगळे मास्तर म्हणत; शेतकरी आपसांत बोलत, "मास्तर हल्ली लय घाई करतोय. साहेबाला बोलू बी देत नाय." माझं नाव बाजारात वाईट झालं. मला त्याचं काही वाटलं नाही. घरी जाऊन मी ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हे मी लग्नापासून सांगतेय."

इस्माईलभाईंच्या मात्र लक्षात आलं. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुम्ही बोलता तेव्हा साहेब दम घेतात. मी बघतो ना. खुदा तुमची जबान सलामत ठेवो."

अशात मुंबईहून निरोप आला की मोठे साहेब, ओनोसाहेब, मनमाडचा बाजार बघायला येणार आहेत. मोरितासाहेबांना ठेवायचं की काढायचं, हे त्यांच्या हातात होतं. आणि दोन जपानी माणसांच्या मध्ये दुभाष्याचं काम काय? माझ्या आडोशाला उभं राहून श्वास घ्यायची सोय त्या दिवशी राहणार नव्हती. मी इस्माईलभाईंना सगळं सांगून टाकलं. ते दाढी कुरवाळत राहिले आणि म्हणाले, "मग साहेबांना त्या दिवशी बोलायलाच लावू नका. दिवसभर हत्त्यात ठेवतो."

हत्ता म्हणजे रुमालाखालचा सौदा. त्या वेळी कापसाचा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि अडत्या समोरासमोर उभे राहत, दोघांच्या हातांवर रुमाल टाकत आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. कोणतं बोट धरलं, किती धरली, यावर आकडा. चेहरे दगडासारखे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे, आणि आतलं बाहेर सांगायचं नाही हा बाजाराचा कडक रिवाज होता. मोरितासाहेबांना हा प्रकार मनापासून आवडे. माझी मात्र त्या वेळात विडी ओढण्याखेरीज गरज नसे.

ओनोसाहेब आले. जाडजूड, टोपी हातात, चेहऱ्यावर काही नाही. मोरितासाहेबांनी वाकून नमस्कार केला, तेवढ्यात इस्माईलभाईंनी रुमाल टाकला. मी आयुष्यात इतके लांबलेले सौदे पाहिले नाहीत. जो भाव दोन दाबांत ठरायचा, त्याला इस्माईलभाई चहा निवेपर्यंत बोटं सोडत नव्हते. मध्येच मान हलवायचे, आकाशाकडे बघायचे, हात झटकून निघून जायचे आणि पुन्हा यायचे. एक गाडी झाली की दुसरी तयार. बाजारातल्या जुन्या लोकांना कळेना की आज कापसात एवढी घासाघीस करण्यासारखं काय आहे. ओनोसाहेब खुर्चीवर बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत. जेवण झालं तेव्हाही नाही.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही तिघे निघालो. आम्ही नाशिक रोडला उतरणार, ओनोसाहेब तसेच मुंबईला जाणार. लासलगाव गेलं, निफाड गेलं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ओनोसाहेबांनी विचारलं, "तब्येत?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. आपलं काम नसताना तिथे बसून राहणं ही मोठी शिक्षा असते. मोरितासाहेबांनी छाती भरून घेतली. दिवसभर त्यांनी साठवलं होतं ते सगळं त्यांनी त्या एका वाक्यात घातलं. म्हणाले, "नाशिकचं पाणी मला मानवलं आहे, यंदाचा माल गेल्या दोन वर्षांपेक्षा लांब तंतूचा आला आहे आणि इथली माणसं आता माझ्या हाताची झाली आहेत, म्हणून हा हंगाम शेवटपर्यंत मीच पाहावा अशी माझी विनंती आहे." कुठे श्वास नाही. लांब शब्द त्यांच्या जागी एकटे, आखूड शब्द दोन-दोन मिळून. आवाज जिथे चढायचा तिथेच चढला आणि "विनंती आहे"वर येऊन अगदी खाली टेकला. इतकं सुरेख जपानी वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला रडू आलं, म्हणून मी खिडकीबाहेर आणखी बारकाईने बघितलं.

मोरितासाहेब उठून डब्याच्या दारापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. नाशिक रोड येईपर्यंत ते तसेच होते.

गाडी थांबली. ते उतरून पुढे गेले. मी बॅग घेऊन उतरलो, तर ओनोसाहेब माझ्यामागे खाली उतरले. दोन पायऱ्या. ते थांबले, दांडा धरला आणि बोलायला लागले.

"मीही," म्हणाले आणि श्वास घेतला. "नागपूरला," पुन्हा श्वास. "कापूस हुंगत होतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसभर तेही बोलले नव्हते! एकशब्दी प्रश्न विचारला होता तेवढाच. मी इतका मोरितासाहेबांच्या श्वासाकडे कान लावून बसलो होतो की शेजारच्या माणसाचा श्वास मला ऐकू आला नव्हता. आणि स्वतःला कान आहेत असं समजत होतो.

"त्यांचं वाक्य," ओनोसाहेब म्हणाले, "फार चांगलं होतं." गार्डाने शिट्टी दिली. "हंगामभर त्यांना," श्वास, "दुसरं बोलायला लावू नका. तुम्ही बोला."

मोरितासाहेबांनी हंगाम पुरा केला. सौदे हत्त्यात झाले आणि बाकीचं मी बोललो. कोबेला त्यांना ती बसायची जागा मिळाली, मुलगी शिक्षिका झाली. नंतर फार वर्षं ते राहिले नाहीत, असं ओनोसाहेबांकडून कळलं. पुढे लढाई आली आणि तिकडची सगळीच बातमी बंद झाली.

ते निघाले त्या दिवशी त्यांना सोडायला नाशिक रोडला मी आणि इस्माईलभाई होतो. मला त्यांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे वाकून नमस्कार केला, मीही वाकलो. त्यात हात हातात घ्यायची पद्धत नाही. मग इस्माईलभाईंकडे वळून म्हणाले, "इस्माईलसान." मी सवयीने म्हटलं, "इस्माईलभाई," आणि पुढच्या जुडीची वाट बघत राहिलो. ती आली नाही. त्यांनी इस्माईलभाईंच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि आत कितीतरी वेळ काहीतरी चाललं. मग गाडी हलली.

खोटं कशाला बोलू, मला लागलं. हंगामभर मी त्यांचा श्वास झालो, आणि शेवटचं बोलणं त्यांनी माझ्याशिवाय केलं. परत येताना टांग्यात मी विचारलं, "काय म्हणाले?"

"हत्त्यातलं बाहेर सांगत नाहीत, मास्तर," इस्माईलभाई म्हणाले.

शहराच्या तोंडाशी द्वारका चौक आला तरी मी तोंड फिरवून बसलो होतो. मग इस्माईलभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि आत माझी पाचही बोटं एकत्र धरून घट्ट दाबली. दाबूनच ठेवली.

"एवढंच होतं," ते म्हणाले. "हात माझा धरला, पण नजर तुमच्याकडे होती. मला फक्त पोचवायला सांगितलं."

मी विचारलं, "पण याचा अर्थ काय?"

इस्माईलभाईंनी रुमाल घडी करून परत खांद्यावर टाकला. "ते काम तुमचं," म्हणाले. "दुभाषी तुम्ही."